डोळ्याखालचं काळं आणि "मुलगा घेतो का?" (फोटोसाठी सल्ला हवा)

द्राक्षबाग_दिंडोरी | 4 जानेवारी, रात्री 1:20

नमस्कार मंडळी. या वेळेला लिहितोय म्हणजे कांद्याला पाणी चालू आहे, हे शेतकऱ्यांनी ओळखलंच असेल. आमच्या फीडरला या आठवड्यात रात्रीची लाईट आहे. एक वाफा भरेपर्यंत मोबाईल, मग उठून बारं फोडायचं, म्हणजे पाणी पुढच्या वाफ्यात सोडायचं, परत मोबाईल. त्यामुळे तुटक लिहिलं गेलं तर सांभाळून घ्या.

वय 31. दिंडोरी तालुक्यात साडेचार एकर द्राक्ष, दीड एकर कांदा, घरापुरता गहू. द्राक्ष खायचं, वाईनचं नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढचा सगळा घोळ त्याच्याच आसपास आहे.

दोन वर्षांपासून घरात माझ्या लग्नाचं चाललंय. शेतकऱ्याच्या पोराला मुलगी मिळण्याचा विषय इथे काढत नाही, त्यावर आधीच पुष्कळ भांडणं झाली आहेत. तर गेल्या आठवड्यात निफाडकडचं एक स्थळ आलं. बायोडाटा गेला, फोटो गेला. मध्यस्थ म्हणजे आईचे मावसभाऊ, आमचे मामाच. ते तिसऱ्या दिवशी घरी आले, चहा प्यायले, बशी पुसल्यासारखी करून खाली ठेवली आणि नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हळूच म्हणाले, "मुलीच्या आईने विचारलंय, मुलगा घेतो का?"

नाना माळकरी. काय घेतो, हे त्यांना आधी कळेचना. कळल्यावर जे झालं ते लिहीत नाही.

मग तो फोटो मी नीट बघितला. चुलतभावाच्या लग्नात भर दुपारी मंडपाबाहेर काढलेला. दोन्ही डोळ्यांखाली काळं, आणि आतल्या कोपऱ्यापासून गालाकडे उतरणारी एक खाच, पाटाला वळण काढल्यासारखी. खरं सांगतो, त्या बाईंच्या जागी मी असतो तर मीपण हेच विचारलं असतं. रोज आरशात बघतो, पण दाढीपुरतं. ओठांच्या वर माझं लक्ष कधी गेलंच नव्हतं.

दारू नाही. तंबाखू कॉलेजात दोन वर्षं मळली, सोडली. चहा दिवसाला सात-आठ कप. जागरण आहे: आठवड्यातले तीन-चार दिवस रात्रीचं पाणी, आणि या महिन्यात थंडी पडली की पहाटे तीनला उठून बागेत शेकोट्या, नाहीतर मण्यांना तडे जातात. धुराने डोळे चुरचुरतात. द्राक्षावरच्या भुरी रोगासाठी सल्फर मारलं की दोन दिवस खाज. मग चोळतो. सवयच आहे, लहानपणापासून.

आतापर्यंत केलेले उपाय दोन. एक, वहिनीची पावडर-क्रीम घेऊन आरशासमोर बसलो. डोळ्याखाली पांढरट राखाडी असं काहीतरी झालं की वहिनी म्हणाली, "भाऊजी, बोहाड्यात कोणतं सोंग घेताय?" दोन, गावातल्या दुकानातून एक ट्यूब आणली, "आठ दिवसांत फरक" म्हणाला. पाच दिवस झाले लावतोय, फरक वाटतोयसुद्धा थोडा.

नवीन फोटो वीस-पंचवीस दिवसांत द्यायचाय. हे काळं खरंच जातं का? आणि तोवर फोटोपुरतं झाकायचं कसं, म्हणजे झाकलंय हे न कळता?

वाफा भरला. येतो.

माई_गंगापूररोड | 4 जानेवारी, सकाळी 7:05

अरे लेकरा, रात्री एकला मोबाईल आणि वर विचारतोस काळं का आलं! बटाट्याचा कीस फडक्यात बांधून दहा मिनिटं ठेव. काकडीच्या चकत्याही चालतात. झोपताना बदामाचं तेल एक थेंब. चेहऱ्याला लिंबू मात्र चुकूनही लावू नकोस, आमच्या शेजारणीने लावलं तर सालं निघाली. आणि बीट खा, अंगात रक्त कमी असलं की डोळ्याखाली दिसतं. माझ्या धाकट्या जावेचं तसंच होतं.

आणि त्या मुलीच्या आईचा राग मानू नकोस. आईने विचारायलाच पाहिजे.

पक्या_सिडको | 4 जानेवारी, सकाळी 9:40

भाऊ, नाशिकला वाईनची राजधानी म्हणवून घ्यायची हौस कोणाची होती? आता भोगा.

औषधवाला_पंचवटी | 4 जानेवारी, दुपारी 2:15

पहिलं काम: त्या ट्यूबवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचून इथे टाका. नावात बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यातलं काहीही असेल, किंवा शेवटी "सोन", "सोल" असं काही दिसलं, तर आजपासून बंद. आठ दिवसांत फरक पडतो तो याच मुळे. ही स्टिरॉइडं. काउंटरच्या या बाजूला मी बावीस वर्षं उभा आहे, "गोरं करायचं मलम" मागणारे रोज येतात. 2018 पासून अशा बऱ्याच मलमांना डॉक्टरची चिठ्ठी लागते, तरी ती मिळतात, हे तुम्हालाही माहीत आणि मलाही. लावल्यावर रंग उतरतो, मग कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, आणि बंद केलं की चेहरा पेटतो. डोळ्याजवळ सतत वापरलं तर डोळ्यातला दाब वाढू शकतो, मोतीबिंदूही होऊ शकतो. पाच दिवसांनी आभाळ कोसळत नाही, पण सहावा दिवस नको.

आता मूळ प्रश्न. "डोळ्याखालचं काळं" हा एक आजार नाही, चार वेगवेगळ्या गोष्टी एकाच जागी दिसतात.

पापणीखालची कातडी शरीरातली सगळ्यात पातळ. खाली चरबी जवळजवळ नाहीच, त्यामुळे आतला स्नायू आणि रक्तवाहिन्या आरपार दिसतात. तो रंग निळा-जांभळा. झोप झाली नाही, सर्दी असली, की तो गडद होतो. दुसरा प्रकार कातडीतल्याच रंगाचा, तपकिरी. आपल्याकडे हा फार, आणि बऱ्याचदा घराण्यात चालत येतो. ऊन आणि चोळणं हे त्यावर खतपाणी. तिसरा रंगच नाही, खाचेची सावली. चौथा म्हणजे सूज, तिच्याखाली पडलेली सावली. बहुतेकांना यातलं दोन-तीन मिळून असतं.

घरच्या घरी बघायचं असेल तर आरसा घेऊन खिडकीत बसा. बोटाने गालाची कातडी हलकेच खाली ओढा. तपकिरी रंग कातडीबरोबर सरकला तर रंग कातडीत आहे. ओढल्यावर आणखी निळसर झालं तर खालच्या शिरा. मग मान वर करून उजेडाकडे बघा. काळं बरंचसं नाहीसं झालं तर ती सावली होती, तिच्यावर कुठलंही क्रीम चालत नाही.

माई, तुमचा बटाटा मला मान्य आहे, तो गार असतो म्हणून. गारव्याने शिरा आकसतात, सूज उतरते, तासाभराने जैसे थे. फ्रीजमधला चमचा तेच काम करतो आणि कीस वाया जात नाही. रक्ताचं मात्र बरोबर. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड एकदा बघून घ्या. पुरुषाचं हिमोग्लोबिन 13 च्या खाली असेल तर बीट खाऊन गप्प बसायचं नसतं, रक्त कुठे जातंय ते शोधावं लागतं.

द्राक्षबाग_दिंडोरी | 9 जानेवारी, रात्री 10:50

ट्यूबवर बारीक अक्षरात बीटामेथासोन निघालं. चुलीत टाकायला निघालो होतो, आई म्हणाली धूर डोळ्यात जाईल. खड्ड्यात पुरली.

परवा नाशिकला बाजारसमितीचं काम होतं, तिथूनच रक्त दिलं. हिमोग्लोबिन 14.6. थायरॉइड चांगलं. साखर चांगली. लॅबमधली मुलगी म्हणाली, "सगळं नॉर्मल आहे." पहिल्यांदाच नॉर्मल ऐकून वाईट वाटलं. काहीतरी निघालं असतं तर मामांना रिपोर्टच दाखवला असता.

मग पंडित कॉलनीत कातडीच्या डॉक्टरांकडे नंबर लावला. दीड तास बसलो, आत सात मिनिटं. त्यांनी कातडी ओढून बघितली, एका निळसर दिव्याखाली बघितलं, मग विचारलं, "वडिलांना आहे का असं?" नानांचा फोटो मोबाईलमध्ये होता, दाखवला. डॉक्टर हसले. नाना, आजी, मोठे काका, सगळ्यांना आहे. मी इतकी वर्षं तो आमच्या घराण्याचा चेहराच समजत होतो.

म्हणाले, थोडं आनुवंशिक, थोडी खाच, पण वाढवलंय ते चोळण्याने. डोळ्यांना ॲलर्जी आहे, खाज सुटते, तुम्ही चोळता, कातडी दुखावते आणि तिथे रंग धरते. खाज थांबायचे थेंब दिले, रात्री लावायला एक क्रीम आणि दिवसा सनस्क्रीन, तेही किंचित तपकिरी रंगाचं. त्यातल्या लोहाच्या रंगामुळे उन्हाबरोबर साध्या उजेडापासूनही आड होते म्हणे, सावळ्या कातडीला ते जास्त उपयोगी. तीन महिन्यांआधी आरशाला विचारायला जाऊ नका म्हणाले. आणि पूर्ण जाणार नाही, कमी होईल, हेही स्पष्ट सांगितलं. खाचेत भरायचं इंजेक्शन असतं, त्याचंही मीच विचारलं. म्हणाले, डोळ्याजवळ ते रक्तवाहिनीत गेलं तर नजरेवर येऊ शकतं, 31 व्या वर्षी एका फोटोसाठी कशाला.

फवारणीला चष्मा घाला म्हणाले. आम्ही तोंडाला फडकं बांधतो, हातात मोजे घालतो, आणि डोळे उघडे. कोणालाच कधी सुचलं नाही. हार्डवेअरच्या दुकानातून बाजूने बंद असलेला चष्मा आणला, 180 रुपये. आज ब्लोअर चालवताना घातला. वाफ धरते, पण संध्याकाळी पहिल्यांदा डोळे लाल नव्हते.

झोपेचं काय करू ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. लाईटचं टाइमटेबल त्यांच्या हातात नाही.

पण तीन महिने लांब आहेत, फोटो दोन आठवड्यांवर आलाय. झाकायचं कसं ते कोणीतरी सांगा.

पार्लरताई_नाशिकरोड | 10 जानेवारी, दुपारी 3:30

दादा, दुपारी जरा उसंत मिळाली की मी इथे येते. तुमचं बोहाड्याचं सोंग का झालं ते आधी सांगते, म्हणजे बाकीचं आपोआप कळेल.

काळ्यावर पांढरं टाकलं की राखाडी होतं. भिंतीला ओल आल्यावर वरून चुना मारला तर काय दिसतं, तसंच. सगळ्या नवऱ्या मुली हीच चूक करतात, आपल्यापेक्षा दोन पायऱ्या उजळ कन्सीलर, म्हणजे डाग झाकायचं क्रीम, आणतात. निळ्या-तपकिरी काळ्याला आधी नारिंगी लागतो. रंगाच्या चक्रात निळ्याच्या समोर नारिंगी असतो, एकमेकांना मारतात. गोऱ्या मुलींना फिक्का पीच पुरतो, आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगाला खरा नारिंगीच हवा. बरणीत बघून घाबराल, झेंडूसारखा दिसतो. त्याला करेक्टर म्हणतात. हिरवा मिळतो तो लालसर डागांसाठी, दुकानदार सहाही रंगांची पेटी गळ्यात मारेल, घेऊ नका.

मेनरोडला किंवा दहीपुलाच्या बाजूला कुठेही मिळेल. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली शेड निवडू नका, दारात उजेडात या. मनगटावर नाही, जबड्याच्या कडेला लावून बघा. दिसेनासा झाला तो तुमचा कन्सीलर. अर्धी पायरीसुद्धा उजळ नको. बाप्यांच्या चेहऱ्यावर उजळ लगेच कळतं.

आता लावायचं. तोंड धुऊन साधं मॉइश्चरायझर, आणि पाच मिनिटं काही करायचं नाही. घाई केली की वरचं सगळं सरकतं. मग करेक्टर, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा. खरंच अर्धा दाणा. करंगळीशेजारच्या बोटाने, त्या बोटात जोर सगळ्यात कमी असतो. फक्त जिथे सगळ्यात काळं तिथेच, आतल्या कोपऱ्यात आणि खाचेत. टेकवायचं, उचलायचं, टेकवायचं. घासायचं नाही. डॉक्टरांनी घासू नका म्हटलंय ना, ते इथेही लागू.

मिनिटभर थांबून वरून कन्सीलर, तोही तेवढाच, कडा मात्र गालात विरल्या पाहिजेत. ओला करून घट्ट पिळलेला स्पंज असेल तर उत्तम. पावडर नखावर बसेल एवढी, जिथे सुरकुती पडते तिथे. जास्त झाली की भेगाळ जमिनीसारखं दिसतं, ते तुम्हाला मी काय सांगू.

मग हाताभर लांब आरसा धरून बघा. जवळून बघाल तर अजून लावावंसं वाटेल. नका लावू. थोडं काळं राहू द्या! चेहऱ्यावर एवढंसंही काळं नसेल तर माणूस मेणाचा दिसतो आणि लगेच कळतं की काहीतरी फासलंय.

एक राहिलं. वहिनींचा स्पंज, ब्रश वापरायचा नाही. डोळ्यांची ॲलर्जी तुम्हाला, उद्या डोळे आले तर दोघांनाही. स्वतःचं वेगळं घ्या. लिपस्टिकचा तुकडा करेक्टर म्हणून लावायची जुनी युक्ती मोबाईलवर दिसेल, तीही नको. ओठांचे रंग डोळ्याजवळ चालतीलच असं नाही.

जुनाखोड_देवळाली | 10 जानेवारी, सायंकाळी 6:10

काय दिवस आलेत. गडी माणूस लाली-पावडर करून मुलगी बघणार. आमच्या वेळी मुंडावळ्या बांधेपर्यंत तोंडसुद्धा बघायला मिळत नव्हतं.

पार्लरताई_नाशिकरोड | 10 जानेवारी, रात्री 8:45

काका, मागच्या सीझनला माझ्याकडे जितक्या नवऱ्या आल्या, त्यातल्या निम्म्यांचे नवरदेव पण शेजारच्या खुर्चीत बसून गेले. फक्त मागच्या दाराने.

कॅमेरावाला_द्वारका | 11 जानेवारी, सकाळी 11:20

ताईंनी रंगाचं सांगितलं, मी उजेडाचं सांगतो, कारण तुमचा पहिला फोटो बाराच्या उन्हाने बिघडवलाय. ऊन डोक्यावर असलं की भुवईची सावली थेट खाचेत पडते. बाराला कोणाचाही फोटो काढा, थकलेलाच दिसतो.

सकाळी आठ-साडेआठ किंवा संध्याकाळी पाचनंतर. घराच्या ओसरीत उभे राहा, तोंड अंगणाकडे, म्हणजे उजेड समोरून आणि डोळ्यांच्या उंचीने येईल. छातीच्या खाली, चौकटीत येणार नाही असं काहीतरी पांढरं धरायचं. उजेड खालून परत वर येतो आणि खाच भरून निघते. आम्ही थर्माकोलचा तक्ता वापरतो.

बागेत, वेलीच्या मांडवाखाली फोटो काढायचा मोह होईल. नको. पानांतून गाळून आलेला उजेड हिरवा असतो, चेहऱ्यावर कवडसे पडतात, डोळ्याखालचं काळं दुप्पट. बाग मागे घ्या आणि स्वतः मोकळ्यात उभे राहा. मोबाईलचं ब्यूटी मोड बंद. फ्लॅश बंद. फ्लॅश मारला आणि अंगावर जस्त किंवा टायटॅनियमवालं सनस्क्रीन असलं तर चेहरा पांढरा फटफटीत येतो, लग्नाच्या अल्बमांत अशा मावश्या खूप सापडतील.

द्राक्षबाग_दिंडोरी | 17 फेब्रुवारी, दुपारी 1:10

उशीर झाला, काढणी चालू आहे. माल चाललाय, भाव विचारू नका.

फोटो 26 जानेवारीला काढला. झेंडावंदन करून आलो, कपडे इस्त्रीचे होतेच. करेक्टर दहीपुलाजवळून आणलं. दुकानदाराने विचारलं "मॅडमसाठी का?" आणि मी हो म्हणालो. ताई, माफ करा. तिथे आणखी तीन गिऱ्हाइकं उभी होती.

पहिल्यांदा लावलं तेव्हा अर्धा दाणा म्हणजे किती हे कळलं नाही, अख्खा दाणा झाला. डोळ्याखाली भगवे झेंडे. धुतलं, परत. दुसऱ्यांदा अर्ध्याचाही अर्धा घेतला, टेकवत बसलो. वहिनी दारात उभी राहून बघत होती, यावेळी हसली नाही. म्हणाली, "झालं. आता हात लावू नका." ओसरीत उभा राहिलो, थर्माकोल नव्हतं म्हणून पुतण्याने झिरो-झिरो-फिफ्टी खताची पांढरी गोणी पोटाजवळ ताणून धरली. मागे बाग. आठ फोटोंत एक चांगला निघाला. खाच आहे, काळं आहे, पण जागेवर आहे. दारू प्यायलेला वाटत नाही. फार तर परीक्षेला बसलेला वाटतो.

फोटो गेला. दोन दिवसांनी मामा परत. चहा, बशी. "मुलीच्या आईने विचारलंय, आधीचा फोटो याच मुलाचा होता का?"

नाना उठून गोठ्यात गेले. मीच बोललो. म्हटलं, मामा, दोन्ही माझेच. पहिला बाराच्या उन्हातला, दुसरा सकाळचा, आणि दुसऱ्यात डोळ्याखाली रंग लावलाय. रात्री पाणी भरायला जागतो, ते कमी होणार नाही. जे आहे ते असंच सांगा. मामांना हे असं सांगायचं कसं ते समजेना. शेवटी मीच दोन्ही फोटो आणि रक्ताचे रिपोर्ट एका पाकिटात घालून दिले. रिपोर्ट कशाला दिले, आता आठवून कसंतरी होतं.

गेल्या रविवारी ते बघायला आले. नेमका आदल्या रात्री पाण्याचा नंबर, पहाटे मजूर, आणि आठला पाहुणे. तोंड धुतलं एवढंच. मुलीची आई माझ्याकडे बराच वेळ बघत होती. मग तिने नानांकडे बघितलं, मग भिंतीवरच्या आजीच्या फोटोकडे. पुढे कांद्याचा विषय निघाला. मुलगी दोन वाक्यं बोलली, त्यातलं एक चष्म्याबद्दल होतं. खुंटीला टांगला होता, "हा फवारणीचा का?" म्हणाली. हो म्हटलं. निरोप अजून यायचाय.

डोळ्यांचं विचाराल तर सहा आठवड्यांत खाज बरीच थांबली, चोळणं निम्म्याच्या वर सुटलं. रंगात मला तरी फारसा फरक दिसत नाही, वहिनी म्हणते कडा फिकट झाल्यात. डॉक्टरांनी तीन महिने सांगितलेत, अजून निम्मे बाकी आहेत.

दोन अडचणी आहेत. पहिली, त्या दिवशी करेक्टर निघता निघेना, साबणाने घासलं तर डोळे परत लाल. कशाने काढायचं? दुसरी, सनस्क्रीनची ट्यूब दोन महिने पुरेल म्हणाले होते, पंधरा दिवसांत चपटी झाली. मी तर बोटावर ठिपक्याएवढंच घेतो. परवा पहाटे उठलो तर नाना मोरीच्या आरशासमोर. काही बोललो नाही.

पार्लरताई_नाशिकरोड | 17 फेब्रुवारी, दुपारी 3:50

काढायला खोबरेल तेल. कापसाच्या बोळ्यावर घ्या, मिटलेल्या डोळ्यावर अर्धा मिनिट नुसतं ठेवा, मग खाली पुसून घ्या. घासायचं नाही. नंतर कोमट पाणी.

आणि ठिपक्याने काही होत नाही हो. चेहरा आणि मान धरून दोन बोटांवर दोन लांब रेघा, एवढं सनस्क्रीन एका वेळेला लागतं. उन्हात असाल तर दर दोन-तीन तासांनी परत. म्हणजे नाना बरोबर लावतायत, चुकताय तुम्ही. त्यांच्यासाठी वेगळी ट्यूब आणा.